पाणी मोजता, मग मीठ का नाही?
डायलिसिसवरील रुग्णांसाठी वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मूत्रपिंडाच्या विकारांवर आलेल्या पत्रांत या वेळी निम्म्याहून अधिक पत्रे पाण्याबद्दलची होती. बहुतेक इंदूरमधली, काही देवास आणि महूची. इथली उत्तरे हिमोडायलिसिस, म्हणजे यंत्रावर रक्त शुद्ध करून घेणाऱ्यांसाठी आहेत. पोटातून केल्या जाणाऱ्या डायलिसिसचा हिशेब वेगळा असतो. आकडे सर्वसाधारण आहेत. तुमच्या रुग्णाचा नेमका आकडा नेफ्रॉलॉजिस्टकडून, म्हणजे मूत्रपिंडतज्ज्ञाकडून, लिहून घ्या आणि फ्रिजच्या दारावर चिकटवा.

प्रश्न : बाबा ६७ वर्षांचे आहेत. मंगळ, गुरू, शनी असं डायलिसिस, लघवी जवळपास बंद, ड्राय वेट (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं वजन) ५८ किलो. दिवसाला एक लिटर सांगितलंय. आम्ही ८०० मिलीची बाटली भरून देतो, त्यावर एक थेंब नाही. तरी मंगळवारी वजन चार किलोने वाढलेलं असतं. सेंटरवर म्हणतात, तुम्ही चोरून पाणी देता. (एक मुलगा, लोकमान्यनगर)

उत्तर : तुम्ही चोरून देत नाही आहात. बाटलीतले पाणी मोजले आणि बाकीचे मोजायचे राहिले, एवढेच झाले आहे. एक साधा दिवस घ्या. चहाचे दोन कप, १२० मिलीचे, म्हणजे २४०. दोन्ही जेवणांत वाटी-वाटी वरण किंवा आमटी, वाटी १५० ची, म्हणजे ३००. दुपारचे ताक २००. तीन वेळच्या गोळ्यांवर दोन-दोन घोट, १५०. बेरीज ८९०. त्यात बाटलीतले ८०० मिळवले की १,६९० मिली झाले.

श्वास, घाम आणि शौचातून शरीर जेवढे पाणी गमावते, त्यातून भात-पोळी-भाजीतले न दिसणारे पाणी वजा केले की साधारण ५०० मिली उरतात. शरीर आपले आपण तेवढेच खपवते. उरलेले सुमारे १,२०० मिली रोज अंगात साठते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. शनिवार ते मंगळवार तीन दिवसांत साडेतीन किलो इथेच भरले. त्यावर एखाद्या दिवशी कलिंगडाच्या फोडी किंवा वाटीभर दही झाले की चार.

आता मोजण्याची रीत बदला. बाटली पूर्ण एक लिटरची भरा आणि ती फक्त पिण्याची बाटली नसून दिवसाचा कोटा आहे असे समजा. बाबांनी १२० मिली चहा घेतला की बाटलीतले १२० मिली तुळशीला घाला. वाटीभर आमटी झाली की १५० काढा. ताक, दूध, दही, खीर, आइस्क्रीम, बर्फ, सगळ्यांना हाच नियम. रात्री बाटली रिकामी झाली की कोटा संपला. यासाठी घरातली भांडी एकदाच मापून ठेवावी लागतात. औषधाच्या टोपणाने किंवा मापाच्या भांड्याने मोजा आणि बाबांचा कप, वाटी आणि फुलपात्र यांच्या बुडाला मार्करने मिली लिहा. काठोकाठ फुलपात्र २०० ते २५० मिलीचे निघते. ‘एकच फुलपात्र प्यायलो’ यात कोट्याचा चौथा हिस्सा गेलेला असतो.

गोळ्यांच्या पाण्यातही बचत होते. फॉस्फरस बांधणाऱ्या गोळ्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, त्या मऊ भाताच्या घासाबरोबर जातात. बाकीच्या कोणत्या गोळ्या तशा चालतील हे डॉक्टरांना विचारून घ्या.

दोन डायलिसिसच्या मधली वाढ ड्राय वेटच्या चार ते साडेचार टक्क्यांच्या आत हवी. ५८ किलोला ती २.३ ते २.६ किलो होते. मंगळवारच्या आकड्याकडे जास्त लक्ष द्या, कारण आठवड्यातली लांब सुट्टी तिथे संपते आणि हृदयाला सर्वाधिक धोका त्याच वेळी असतो.

प्रश्न : यंत्र पाणी काढतंच ना? मग लग्नकार्यात एखाद्या दिवशी मनसोक्त प्यायलं आणि दुसऱ्या दिवशी जास्त काढून घेतलं तर काय बिघडतं? (सुदामानगर)

उत्तर : यंत्र काढू शकते, शरीर देऊ शकत नाही. यंत्र पाणी ओढते ते रक्तातून. साठलेले बहुतेक पाणी मात्र रक्ताबाहेर, पेशींभोवतीच्या जागेत, पायांत, पोटात, फुप्फुसांत असते. तिथून ते रक्तात परतायला वेळ लागतो. यंत्राचा वेग त्यापेक्षा जास्त झाला की रक्ताचे आकारमान घटते आणि बीपी कोसळतो. पोटऱ्यांत गोळे येतात, जांभया येतात, घाम फुटतो, मळमळते. दर वेळी असे झाले की हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडून तो हळूहळू दुबळा होतो. बीपी फार खाली गेला तर फिस्टुला, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी, गोठून बंद पडण्याचीही भीती असते.

वेगाची एक मर्यादा बरीच सेंटर पाळतात : दर किलो वजनामागे तासाला १३ मिली. ५८ किलोच्या माणसासाठी चार तासांत ते तीन लिटर होतात. चार किलो दोनशे ग्रॅम वाढ घेऊन आलेल्याचे सगळे पाणी या वेगाने काढायला साडेपाच तास लागतील. तेवढा वेळ खुर्ची मिळत नाही. मग एकतर पाणी मागे राहते किंवा वेग वाढवावा लागतो. शिवाय शेवटी नळ्यांतले रक्त परत करताना दोन-तीनशे मिली सलाइन अंगात जाते, तेही काढायच्या पाण्यात धरलेले असते.

बीपी पडला की परिचारिका सलाइन देतात, ते आवश्यकच असते. पण २०० मिली सलाइनमध्ये १.८ ग्रॅम मीठ असते. म्हणजे जास्त पाणी, त्यामुळे बीपी पडणे, त्यावर सलाइन, त्यातून घरी गेल्यावर पुन्हा तहान, असे चक्र फिरत राहते. लग्नाला जरूर जा. पाणीपुरी, चाट आणि वेलकम ड्रिंक टाळा, आणि चार दिवस आधी सेंटरला सांगून त्या आठवड्यात जादा बैठक मिळते का ते पाहा. ‘नंतर काढून घेऊ’ यापेक्षा हे पुष्कळ बरे.

प्रश्न : सासूबाईंना मधुमेह आहे, दोन वर्षं डायलिसिस चालू आहे. तहान आवरत नाही. रात्री उठून पाणी पितात, ग्लास लपवतात. रोज त्यावरून घरात भांडण. आम्ही माठ कुलपात ठेवायचा का? (एक सून, राजेंद्रनगर)

उत्तर : माठ राहू द्या. तुमच्या पत्रात त्या काय खातात हे लिहिलेले नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. रक्तातले मीठ जरासे वाढले, एक-दोन टक्के, तरी मेंदू तहान लावतो. ती इच्छाशक्तीने थांबत नाही, कितीही शिस्तीचे माणूस असले तरी. खाल्लेले मीठ रक्ताच्या मूळ प्रमाणात आणायला साधारण ८ ग्रॅममागे एक लिटर पाणी लागते. त्यामुळे खारट खाऊ घालून पाण्यावर पहारा ठेवणे हा रुग्णाचा छळ आहे आणि त्यातून साध्य काहीच होत नाही. आधी मीठ आवरा. दोन-तीन आठवड्यांत ग्लास लपवणे आपोआप कमी होईल.

दिवसाचे एकूण मीठ ५ ग्रॅमच्या आत हवे. चहाचा सपाट चमचा पाच ते सहा ग्रॅमचा असतो. सासूबाईंसाठी रोज सकाळी एका छोट्या डबीत सपाट अर्धा चमचा मीठ काढा. उरलेले दोन ग्रॅम दूध, पाव आणि इतर पदार्थांतून नकळत जातात. कणकेत आणि भातात मीठ घालू नका. भाजी-आमटीतला त्यांचा वाटा मीठ घालण्यापूर्वीच बाजूला काढा आणि पानात वाढल्यावर त्या डबीतले मीठ वरून भुरभुरा. वरून घातलेले मीठ जिभेला आधी लागते, म्हणून कमी पुरते. डबी संपली की संपली. चवीसाठी हिंग-जिऱ्याची फोडणी, लसूण, आले, मिरे, लिंबू, हिरवी मिरची आहेच. पहिले काही दिवस जेवण अळणी लागेल, मग जीभ सरावते.

आता इंदुरी नाश्ता. पोहे डायलिसिसच्या रुग्णाला खरे तर चांगले, त्यात पोटॅशियम कमी असते. बिघडवते ते वरचे. मिठाचे पोहे, त्यावर मूठभर शेव, त्यावर जीरावन, म्हणजे सकाळी नऊच्या आत दोन-अडीच ग्रॅम मीठ सहज गेले. शेव वगळा. जीरावन घरी करा : जिरे, धणे, बडीशेप कोरडे भाजा, त्यात सुंठ, मिरे आणि किंचित आमचूर घालून दळा, साधे किंवा काळे कोणतेच मीठ घालू नका. हे पोह्यांवर भुरभुरून लिंबू पिळले की सासूबाईंच्या पानातले पोहे बेचव राहत नाहीत.

एका पापडात सुमारे अर्धा ग्रॅम मीठ असते आणि पापडखाराचे सोडियम त्याच हिशेबात येते. चमचाभर लोणच्यात एक-दोन ग्रॅम. नमकीनच्या पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये लिहिलेले असते. त्याला अडीचने गुणले की मीठ मिळते. १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे २ ग्रॅम मीठ. ढोकळा, खमण आणि बेकरीतला सोडा हेही सोडियमच. पोट फुगल्यावर घ्यायच्या फसफसणाऱ्या पुडीच्या एका मात्रेत सुमारे ८०० मिलिग्रॅम सोडियम असते. रोज रात्री ती घेणारे कितीतरी जण ‘आम्ही मीठ खात नाही’ असे मनापासून सांगतात.

एका गोष्टीबद्दल फार कळकळीने सांगतो. बाजारात मिळणारे ‘लो सोडियम’ मीठ आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेले असते. ते आपल्या रुग्णाच्या शरीरातून बाहेर पडत नाही आणि हृदयाचे ठोके थांबवू शकते. सैंधव आणि काळे मीठही मीठच आहे, त्यात सूट नाही.

मधुमेहात आणखी एक कारण असते. साखर वाढली की तहान लागतेच, मीठ कितीही कमी असले तरी. लघवी होत नसेल तर ती साखर लघवीतून जातही नाही. रात्रीची साखर दोन-तीन दिवस तपासा आणि आकडे डॉक्टरांना दाखवा. डायलिसिस संपल्यावर लगेच, त्याच संध्याकाळी तहान अनावर होत असेल तर डायलायझेटमधले, म्हणजे रक्त शुद्ध करायला यंत्रात वापरतात त्या द्रवातले, सोडियम किती ठेवले आहे ते विचारा. बीपी पडू नये म्हणून ते कधी कधी चढे ठेवतात. ॲलर्जीच्या आणि काही बीपीच्या गोळ्यांनी तोंड कोरडे पडते, ती तहान नव्हे. तिला चूळ भरून टाकणे, बिनसाखरेचे च्युइंगम, तोंडात एखादी वेलची किंवा लवंग पुरते.

प्रश्न : मे महिन्यात पारा ४२ वर जातो. तेव्हाही एकच लिटर? शहाळ्याचं पाणी, लिंबूपाणी, ओआरएस यांपैकी काय द्यावं? (रामबाग)

उत्तर : घाम जास्त गेला तर थोडी सूट मिळू शकते, पण ती अंदाजाने घ्यायची नाही, काट्यावर घ्यायची. रोज सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्यापूर्वी, एकाच काट्यावर, साधारण सारख्या कपड्यांत वजन करा. डायलिसिसनंतरच्या वजनापासून रोजची वाढ अर्ध्या किलोच्या आसपास असेल तर दीडशे-दोनशे मिली जास्त देण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. किलोभर वाढत असेल तर उन्हाळा असो वा नसो, सूट नाही.

शहाळे अजिबात नको. एका शहाळ्यात पाचशे-सहाशे मिलिग्रॅमपर्यंत पोटॅशियम असू शकते. उसाचा रस आणि मोसंबीचा रसही नको. ओआरएसमध्ये सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही मुद्दाम घातलेले असते, ते या रुग्णांसाठी नाही. इंदुरी शिकंजीत आटवलेले दूध आणि सुका मेवा असतो, तिला लिंबूपाणी समजू नका. हातगाडीवर तिखट-मीठ लावून मिळणारे कमरख (स्टारफ्रूट) एक फोडही देऊ नका. त्यातले विष निकामी मूत्रपिंड बाहेर टाकू शकत नाही. न थांबणाऱ्या उचक्या, भ्रम, झटके येतात, मृत्यूही झाले आहेत.

कोट्यातलेच १०० मिली पाणी लिंबाचे दोन थेंब टाकून बर्फाच्या ट्रेमध्ये दहा छोट्या खणांत गोठवा. एक खडा तोंडात दहा मिलीइतकाच, पण बराच वेळ टिकतो. बाहेरची कामे सकाळी दहाच्या आत उरका. दुपारी मानेवर ओला पंचा आणि कूलर. माठातले गार पाणी कोमटापेक्षा कमी घोटांत तहान भागवते. पाणी पिण्यासाठी मोठा ग्लास काढून ५० मिलीची छोटी वाटी द्या.

प्रश्न : आईचं ड्राय वेट सहा महिन्यांपासून ५० किलोच लिहिलंय. ती खूप वाळली आहे, ब्लाउज सैल झालेत. पण संध्याकाळी पाय सुजतात आणि बीपी १७० च्या खाली येत नाही. वजन तर बरोबर भरतं. मग बिघडलं काय? (देवास)

उत्तर : वजन बरोबर भरते हाच धोका आहे. अंगावरचे मांस दोन किलोने उतरले आणि तेवढेच पाणी साठले, तर काटा ५० च दाखवणार. आईचे खरे ड्राय वेट आता ४८ च्या आसपास असण्याची शक्यता आहे आणि दर वेळी पाणी मागे राहत आहे. बीपीची आणखी एक गोळी वाढवण्यापूर्वी हे तपासले गेले पाहिजे.

घरी पाहायचे ते असे. नडगीच्या हाडावर अंगठा दहा सेकंद दाबून धरा. खळगा राहिला तर सूज आहे. दिवसभर झोपून असणाऱ्या रुग्णाची सूज पायांत न येता कमरेच्या मागे उतरते, तिथेही दाबून पाहा. आडवे झाल्यावर दम लागतो का, उशा वाढवाव्या लागतात का? सकाळ-संध्याकाळचा बीपी आठवडाभर लिहा. ही वही घेऊन डॉक्टरांना भेटा आणि स्पष्ट शब्दांत विचारा की ड्राय वेट पुन्हा ठरवायचे का. ते सहसा एका बैठकीत दोन-तीनशे ग्रॅम असे हळूहळू खाली आणतात. काही ठिकाणी फुप्फुसांची सोनोग्राफी किंवा शरीरातले पाणी मोजणारे यंत्र वापरतात. आणि वाळण्याचे कारणही शोधायला हवे. डायलिसिसवर प्रथिने जास्त लागतात आणि पुष्कळ घरांत जुन्या सवयीने डाळ, पनीर आणि अंडी बंदच राहिलेली असतात.

उलटेही घडते. आजारातून उठून भूक परतली, अंगावर मांस आले आणि ड्राय वेट जुनेच राहिले तर शेवटच्या तासात गोळे येतात, बीपी पडतो, उभे राहिल्यावर गरगरते. मोठा आजार, इस्पितळात दाखल होणे, खाणे एकदम कमी किंवा जास्त होणे, यांनंतर ड्राय वेट पुन्हा पाहिलेच पाहिजे.

प्रश्न : मला अजून लघवी होते. मलाही एकच लिटर का? (महू)

उत्तर : नाही, तुमचा कोटा जास्त असू शकतो. २४ तासांची लघवी अधिक ५०० मिली ते एक लिटर, यातले नेमके किती ते डॉक्टर ठरवतील. मोजायची अशी : सकाळची पहिली लघवी सोडून द्या, त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशीची पहिली धरून, एकाच भांड्यात जमवा. ४०० मिली भरली तर दिवसाला ९०० ते १,४०० मिली, चहा-आमटी धरून. महिन्यातून एकदा मोजा, कारण ती कमी होत जाते आणि कोटा जुनाच राहतो. ही उरलेली लघवी फार मोलाची आहे. सांधेदुखीवर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या परस्पर घेऊ नका, आणि लघवीची गोळी ‘आता डायलिसिस सुरू झालंय’ म्हणून मनाने बंद करू नका.

प्रश्न : एकादशीला सराफ्यातली साबुदाण्याची खिचडी चालेल का? (एक आजोबा, इंदूर)

उत्तर : बाहेरची नको, तिच्यावर उपवासाचे मीठ-मसाला सढळ असतो. घरी अर्धी वाटी करा, दाण्याचे कूट चमचाभर, बटाटा नाही, वर लिंबू. निर्जळी किंवा दिवसभर उपाशी राहणेही टाळा. उपाशीपोटीही रक्तातले पोटॅशियम चढू शकते. केळी, खजूर आणि रताळे उपवासाचे असले तरी तुमचे नाहीत.

प्रश्न : मागच्या रविवारी रात्री दोन वाजता काकांना एकदम धाप लागली. मंगळवारी डायलिसिस होतं म्हणून सकाळपर्यंत थांबलो. चुकलं का? असं पुन्हा झालं तर काय करायचं? (स्नेहलतागंज)

उत्तर : पुन्हा झाले तर थांबू नका. आडवे झाल्यावर गुदमरणे, खोकल्यात फेसाळ किंवा गुलाबी थुंकी, ओठ निळे पडणे ही फुप्फुसांत पाणी भरल्याची लक्षणे आहेत. मंगळवारची वाट पाहायची नाही, त्याच रात्री डायलिसिस लागू शकते. त्यांना पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून ताठ बसवा, खिडक्या उघडा, पाणी देऊ नका, झोपवू नका. १०८ ला फोन करा किंवा गाडीने, पण बसवूनच, अशा इस्पितळात न्या जिथे रात्री डायलिसिस होते. असे इस्पितळ कोणते, हे आजच फोन करून माहीत करून घ्या. जवळच्या छोट्या दवाखान्यात नेले आणि तिथे यंत्र नसले तर हाताशी असलेला वेळ निघून जातो.

एक कागद कायम पाकिटात ठेवा : ड्राय वेट, मागच्या डायलिसिसची तारीख आणि त्यानंतरचे वजन, फिस्टुला कोणत्या हाताला आहे, चालू औषधे, कावीळ बी-सी आणि एचआयव्ही तपासणीचे ताजे निकाल. शेवटचे निकाल नसले की यंत्र मिळायला उशीर होतो. इमर्जन्सीत पोचताच पहिले वाक्य हे सांगा : ‘डायलिसिसचे पेशंट आहेत, अंगात पाणी झालंय, सलाइन लावू नका.’ फिस्टुलाच्या हाताला बीपीचा पट्टा बांधू देऊ नका आणि त्या हातात सुई टोचू देऊ नका.